हराळी माझी, सल्ला चारुदत्तचा

...नाही, पण मी म्हणतो, त्याला विचारायचंच कशाला? आं? मी काय गेलो होतो कुठे? मी तिथेच बसलो होतो ना, त्याच गाडीत, त्याच्या शेजारच्या सीटवर, दोन्ही हात स्टिअरिंगला चिकटवून! फोन माझा, फोन करणारा भाऊ माझा, सख्खा, धाकटा, श्रीनाथ, ज्याला मी खांद्यावर बसवून पोळ्याचे बैल दाखवलेत, आणि तो काय म्हणतो? 'दादा, जरा चारूदादाकडे फोन दे ना.' चारूदादा! अहो, तुम्हाला सांगतो, जन्मल्यापासून त्या पोराला एकच दादा होता. एकच! आता दोन झाले, आणि त्यात माझा नंबर दुसरा.

रान माझं, भाऊ माझा, हराळी माझी... आणि विचारायचं कुणाला? चारुदत्तला!

विनिता म्हणते, विनिता म्हणजे आमची सौभाग्यवती, 'अहो, किती जळाल त्या माणसावर?' मी जळत नाही. मला राग येतो. जळणं वेगळं. जळायला समोरच्याकडे काहीतरी असावं लागतं हो, आणि चारुदत्तकडे काय आहे? डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर जन्मला, तिथेच वाढला, ह्याच्या खानदानात कुणी खुरपं हातात धरलेलं नाही. ह्याच्या इकडच्या, दुबईतल्या घरात एक मनी प्लँट होता, तो मेला... मनी प्लँट! जो मारायला सुद्धा मेहनत लागते! तर तो मेल्यावर ह्याने तिथे प्लास्टिकचा आणून ठेवला, आणि त्यालाही आठवडाभर पाणी घालत होता. विनिताने स्वतः बघितलंय. आणि हा माणूस माझ्या हराळीवर बोलणार!

नोकरी काय, तर आमच्याच कंपनीत एचआरला आहे. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात पॅकेजिंगची फॅक्टरी आहे आमची, मी तिथे स्टोअर सुपरवायझर. माझ्याकडे काम असतं. माल येतो, माल जातो, पावतीवर सही लागते. त्याच्याकडे काय? लोक येतात, रडतात, हा मान हलवतो. 'हं... हं... असं का... मग?' झालं! महिनाअखेरीला पगार! माझ्याकडे रडायला कुणी येत नाही. आलंच तर मी आधी गेटपास मागतो.

आता हा माझ्या गाडीत कसा आला, ते ऐका. आम्ही राहतो इंटरनॅशनल सिटीत. तिथल्या बिल्डिंगांच्या घोळक्यांना देशांची नावं आहेत, त्यामुळे मी रोज सकाळी फ्रान्समधून निघतो, स्पेनमधून चारुदत्तला उचलतो, पर्शियातून अक्रमला उचलतो, अक्रम आमचा अकाउंट्सचा, बिजनौरचा, मागे बसतो आणि दिसेल त्यावर कॉमेंट करतो. तीन देश फिरून आम्ही हायवेला लागतो. पेट्रोल तिघांत, गाडी माझी. गाडी जुनी, तिचं ब्लूटूथ कधीच खलास झालेलं. आणि इकडे गाडी चालवताना मोबाईल हातात दिसला की आठशे दिरम दंड. आठशे दिरम, म्हणजे जवळजवळ एकोणीस हजार रुपये हो! तेवढ्यात तिकडे पाठीवरचे पंप किती येतील!

आणि श्रीनाथचा फोन येणार नेमका तेव्हाच. तिकडे दीड तास पुढे, तो चहा पिऊन रानात पोचलेला, मी इकडे ट्रॅफिकमध्ये. मग फोन कोण उचलणार? शेजारी बसलेला. फोन स्पीकरवर टाकून माझ्या तोंडासमोर धरायचा, एवढंच काम होतं त्याचं. फोन धरायचा! स्टँडचं काम! ड्रॅगन मार्टमध्ये पाच दिरमला मिळतं ते स्टँड! मी मेला आळस केला आणि ते घेतलं नाही, आणि त्याची ही शिक्षा.

तर रान. आमचं रान निफाड तालुक्यात. अठरा वर्षं झाली मी इकडे येऊन, पण रानातला एक निर्णय तिकडे झालेला नाही, सगळे इथून. काय पेरायचं, कधी पेरायचं, पाणी कधी द्यायचं, औषध कुठलं मारायचं... मी सांगायचं आणि श्रीनाथने करायचं. कंपनीत मला सगळे म्हणतात, 'भानुदास, तू तर इथे बसून शेती करतोस!' मी म्हणतो, 'करायला लागते हो, मोठ्या भावाला करायलाच लागते.'

यंदा मका चांगला निघाला. कणसं मोडून झाली, ताटं गुरांना गेली, रानात उरली धसकटं. आणि धसकटांच्या मधून काय वर आलं? हराळी! सगळीकडे हराळी, बांधापासून विहिरीपर्यंत. आता त्याच रानात उन्हाळ कांदा लावायचा आहे, रोप टाकलंय, रोप काही थांबत नाही, ते तयार झालं की लावायलाच लागतं. आणि हराळीत कांदा लावला, तर खुरपायला बायका येत नाहीत. एक दिवस येतात, रान बघतात, दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी पाहुणे येतात. कांदा गोटीएवढा राहतो. म्हणजे कांदा वाचवायचा तर हराळी आधी मेली पाहिजे, हे तरी तुम्हाला पटतंय ना?

चारुदत्तला पटत नव्हतं! मला विचारतो, 'भानूभाऊ, हराळी म्हणजे नक्की काय?' मी म्हटलं, 'दूर्वा रे, गणपतीला वाहतो त्या दूर्वा.' असा दचकला! 'दूर्वांवर विष मारणार तुम्ही? बर दुबईच्या बाजारात गणपतीत एका जुडीसाठी लाईन लावतो आपण!' अरे बाबा, देवाला एकवीस लागतात, इथे सव्वादोन एकर आल्यात! मागून अक्रम म्हणतो, 'भानूभाई, कंटेनर भरके इधर मंगवा लो, आप तो स्टोअर में ही हो.' अशी ही माझ्या गाडीतली सल्लागार मंडळी.

मारायचं तर मारायचंच होतं. पण आडवी आली थंडी. निफाडची थंडी तुम्हाला माहितीये, पेपरात फोटो येतो तिचा. यंदा ती डिसेंबर लागायच्या आतच येऊन बसली. इकडे आम्ही नॅशनल डेचे झेंडे बघत अर्ध्या बाह्यांत फिरतोय, चारुदत्त तेवढ्यात पण स्वेटर घालून येतो आणि म्हणतो, 'काय गारवा आहे ना!' आणि तिकडून श्रीनाथचा फोटो आला. पानावरचं दव गोठलेलं. सगळी हराळी पांढरी, पीठ सांडल्यासारखी.

आणि त्या सकाळी त्याचा फोन. 'दादा, तणनाशक आणून ठेवलंय. दुकानदार म्हणतो, मारून टाका. पण गार लई आहे. मारू का थांबू?'

बघा, प्रश्न मला होता. 'दादा' मलाच म्हणाला होता. आणि प्रश्न साधा नाही हो! गारठ्याने पान झोपलं असेल, तर औषध आत उतरतच नाही. वरचं पान जळतं, आपण खूश होतो, आणि खाली ज्या मुळ्या पसरलेल्या असतात, आम्ही काशा म्हणतो त्यांना, त्या मजेत असतात. कांदा लावला की वर येतात. म्हणजे औषध गेलं, मेहनत गेली, कांदाही गेला. बरं, थांबावं, तर थंडी लांबली आणि रोप तयार झालं म्हणजे? मी विचार करत होतो. मोठा माणूस विचार करतो! शिवाय समोर एक ट्रक लेन बदलत होता, मी त्याला हॉर्न देत होतो, त्यात वेळ गेला... आणि तेवढ्यात ह्या फोनच्या स्टँडने तोंड उघडलं!

काय म्हणाला असेल? सांगतो. एवढंच म्हणाला, 'तुला काय वाटतं रे, श्रीनाथ?'

संपलं! हा सल्ला आहे? तुम्ही सांगा, तुम्ही डॉक्टरकडे गेलात, आणि डॉक्टर तुम्हालाच म्हणाला, तुला काय वाटतं रे, तर तुम्ही त्याला फी द्याल का? पण श्रीनाथ... अहो, तो सुटला! पाट फोडून दिल्यासारखा सुटला! 'चारूदादा, मला वाटतं आत्ता मारू नये. बांधाच्या सावलीतली हराळी करपलीय, ती गेल्यातच जमा. पण विहिरीच्या अंगाची, उन्हातली, ती अजून जिवंत आहे. चार दिवस ऊन पडू देऊ, नवीन पालवी फुटते का बघू, पान मऊ हिरवं दिसलं की मग दव वाळल्यावर भर उन्हात मारू, म्हणजे पार काशांपर्यंत जाईल...' आणि हा, 'हं... हं... असं का? वा! मग?' मग म्हणे! आणि श्रीनाथ अजून बोलतोय! विहिरीचं पाणी, रोपाची वाढ, शेजारच्यांनी घाईने मारलं त्यांचं काय झालं... बाळ झोपत नाही रात्री, हे सुद्धा त्यातच सांगितलं! बाळ झोपत नाही, हे मला माहीत नव्हतं! मी सख्खा काका आहे!

माझ्याशी काय बोलतो हा, माहितीये? 'हो दादा. बरं दादा. ठेवू का दादा?' खलास. अठरा वर्षं हाच फोन आहे आमचा. मला वाटायचं, पोरगा अबोल आहे, आमच्या वडिलांवर गेलाय. कसला अबोल! मागून अक्रम म्हणाला, 'भानूभाई, छोटा भाई बात तो इनसे करता है, आपको तो बस हाज़िरी देता है.' मी म्हटलं, 'अक्रम, यल्ला, चल, खिडकी बंद कर आणि गप बस.'

रान माझं, भाऊ माझा, हराळी माझी... आणि गप्पा कुणाशी? चारुदत्तशी!

तिथून सुरुवात झाली. मग श्रीनाथने त्याचा नंबर घेतला. माझ्याकडूनच घेतला! मी दिला, काय करणार, नाही कसं म्हणू? व्हॉट्सॲपवर माझ्या नंबरला फोटो येतो एक, अंगठ्याएवढा, खाली काही नाही. चारुदत्तला येतात व्हॉइस नोट! ह्या एवढ्या लांब! मी हळूच त्याच्या फोनमध्ये बघितलं, म्हणजे सिग्नलला उभे होतो तेव्हा, नजर गेली हो. परवा गावाकडून एक पाहुणे आले, आईने त्यांच्याबरोबर पिशवी दिली. आत दोन पुड्या. एकीवर लिहिलेलं 'भानू', एकीवर 'चारुदत्त'. मी दोन्ही उघडल्या. उघडणारच! माझ्यात शेंगदाण्याची चटणी, आणि त्याच्यात लसूण घातलेली! लसणाची मला आवडते! लहानपणापासून मला आवडते, हे त्या माऊलीला माहीत आहे! फोन केला तर म्हणते, 'अरे, ते पोरगं एकटं राहतं तिकडे, तुला करून घालायला विनिता आहे की.' पोरगं! बेचाळीस वर्षांचं पोरगं!

घरात तक्रार करावी, तर घरही फितूर. विनिता म्हणते, 'चारुदत्तभावजी ऐकून तरी घेतात.' आमची कन्या इशिता, तिला मी मराठीत विचारतो, ती मला इंग्लिशमध्ये उत्तर देते, फोनमधून मान वर न काढता म्हणाली, 'बाबा, यू डोन्ट लिसन. यू जस्ट वेट फॉर युअर टर्न.' मी म्हटलं, 'मी ऐकत नाही? मी?' आणि ती पुढे काहीतरी बोलत होती, पण तेवढ्यात मला आठवलं की मला काय सांगायचं होतं, म्हणून मी ते सांगितलं.

मग मी ठरवलं, आता अभ्यास. रविवारी इशिताचा आयपॅड घेतला आणि बसलो. कापणीनंतर, थंडीत, दव गोठल्यावर तण मारावं का, सगळे व्हिडिओ बघितले. एक गोरा सापडला, लालबुंद गाल, डोक्याला टोपी, मागे आमच्या बिल्डिंगएवढा ट्रॅक्टर, तोंडातून वाफ निघतेय. म्हटलं, हा खरा माणूस. ह्याच्या गोठलेल्या रानापुढे निफाड म्हणजे काहीच नाही. इंग्लिश त्याचं भयंकर, पण मी तीन-तीनदा मागे नेऊन ऐकलं. काय म्हणाला? म्हणाला, थंडीने पान पार काळं पडलं असेल, तर औषध वाया घालवू नका. पण थंडी हलकी असेल, तर थांबा. दोन-चार दिवस ऊन पडू दे, पान हिरवं आणि मऊ आहे का बघा, आणि मग उबदार दुपारी मारा, म्हणजे मुळापर्यंत जाईल.

आता हे तुम्हाला कुठे ऐकल्यासारखं वाटतंय का? मलाही वाटलं! श्रीनाथ म्हणाला होता तेच! जसंच्या तसं! माझा भाऊ, शाळा सोडून औतामागे गेलेला, त्या गोऱ्याच्या बरोबरीने बोलला होता! छाती भरून आली हो माझी, खोटं नाही सांगत. डोळ्यांत पाणी आलं. आणि लगेच दुसरं लक्षात आलं... की हे चारुदत्तच्या खात्यात गेलंय! आता मी 'थांब' म्हणालो, तर घरात काय होणार? 'चारूदादा म्हणाला होता तसंच दादाही म्हणाला.' म्हणजे मी त्याच्या मागून! माझ्या रानात! तो काही म्हणालाच नव्हता हो, तो नुसतं 'हं' म्हणाला होता, पण जग 'हं' ला भुलतं.

मग माझ्यापुढे रस्ता काय राहिला, तुम्हीच सांगा. त्याच्या उलट बोलणं! एवढा एकच! मी फोन लावला, घरातून लावला, दार लावून लावला, मध्ये स्टँड नको. म्हटलं, 'श्रीनाथ, फवार. उद्याच.'

'दादा... गार लई आहे अजून.'

'फवार म्हणतो ना!'

'हो दादा.'

'सगळं रान. एक कोपरा सोडू नकोस.'

'बरं दादा. ठेवू का दादा?'

बघा, कसा सुतासारखा सरळ! पण फोन ठेवला आणि मी खोलीत येरझाऱ्या घालायला लागलो. कारण मला माहीत होतं ना, औषध वाया जाणार! हराळी राहणार, कांदा जाणार, आणि माझ्या शब्दाने जाणार. परत फोन करून 'थांब' म्हणावं, असं पाच-सहा वेळा वाटलं, फोन हातात घेतला, आणि प्रत्येक वेळी डोळ्यांसमोर चारुदत्तचा तो स्वेटर आला. विनिताने खिचडी केली होती, ती सुद्धा उतरेना.

दुसऱ्या दिवशी फोटो आला. श्रीनाथ रानात उभा, डोक्याला माकडटोपी, पाठीवर पंप, हातात नळी, नळीतून तुषार उडतोय, खाली लिहिलेलं, 'दादा, झालं.' मी तो फोटो सगळ्यांना पाठवला. कंपनीच्या ग्रुपवर टाकला. चारुदत्तला वेगळा पाठवला, खाली लिहिलं, 'माझ्या सांगण्यावरून.' त्याने एक अंगठा पाठवला, नुसता अंगठा, आणि मला वाटलं, जिरली.

पण मनात धाकधूक. रोज विचारायचो, 'पिवळी पडली का?' तो म्हणायचा, 'बघतो दादा.' 'अजून नाही?' 'पडेल दादा.' मी देवाला म्हणायचो, बाप्पा, तुझ्याच दूर्वा आहेत, पण एवढ्या मरू देत. आणि मंडळी, तुम्हाला सांगतो, काही दिवसांनी फोटो आला... पिवळी! रानभर पिवळी! विहिरीकडची सुद्धा! श्रीनाथने काशा उपटून हातात धरून दाखवल्या, वाळून कडक झालेल्या! म्हणजे काय? म्हणजे गोरा चुकला! ट्रॅक्टर चुकला! श्रीनाथ चुकला, चारुदत्तचं 'हं' चुकलं, आणि बरोबर कोण? हा भानुदास, फ्रान्समध्ये बसून!

त्या सकाळी मी गाडीत सगळ्यांना करक चहा पाजला. स्वतःच्या हातांनी कप दिले. आणि सुरू झालो. 'चारुदत्त, शेती ही रक्तात असावी लागते. थंडी-बिंडी सगळं खरं, पण माणसाला आतून कळतं. पुस्तकात नाही मिळत ते.' चारुदत्त मान हलवतोय, 'हं... वा, भानूभाऊ.' मी म्हटलं, 'मी एकदा फवार म्हटलं की हराळीची हिंमत नाही...' आणि मागून अक्रम, चहाचा घोट घेत, अगदी साधेपणाने म्हणतो, 'लेकिन भानूभाई, पहले दिन तो उसने पानी मारा था ना? दवाई तो बाद में मारी, धूप निकलने के बाद.'

मी आरशात बघितलं. अक्रमने कपात तोंड घातलं. शेजारी बघितलं. चारुदत्त खिडकीबाहेर बघत होता, जसं काही त्याने वाळवंट आयुष्यात पहिल्यांदाच बघितलंय.

'कसलं पाणी?'

'भानूभाऊ, ते... तुम्ही आधी समोर बघा.'

'चारुदत्त, कसलं पाणी?'

'अहो, तुमचं मन मोडायचं नव्हतं त्याला. तुम्ही उद्याच मार म्हणालात, म्हणून त्याने उद्याच पंप घेतला. तुमचा शब्द पाळला. फक्त त्यात औषध घातलं नाही. मग ऊन पडल्यावर, हिरवी झाल्यावर, खरं मारलं.'

शब्द पाळला, फक्त औषध घातलं नाही! माझा भाऊ त्या गोठलेल्या रानात, पाठीवर पंप घेऊन, माकडटोपी घालून, सगळ्या हराळीला साधं पाणी मारत फिरला, एक कोपरा न सोडता, का, तर दादा म्हणाला होता! आता ह्यावर माणसाने रडावं का हसावं? मला त्याच्या गार पडलेल्या हातांची दया आली, खरंच आली. आणि दुसऱ्याच मिनिटाला डोक्यात किडा वळवळला... ही पहिलीच वेळ होती का? आं? अठरा वर्षं मी इथून फवारतोय. टोमॅटोवर मी सांगितलेलं ते औषध, घेवड्यावर सांगितलेलं, दर वर्षी 'हो दादा', दर वर्षी फोटो, दर वर्षी 'दादा, झालं'... त्यात औषध किती होतं आणि पाणी किती होतं? मी इकडे बागायतदार म्हणून मिरवतोय, आणि तिकडे माझ्या हुकमावर नुसतं रान धुऊन निघालंय की काय!

पण राग मला त्याचाही नाही. पाणी तर पाणी. रान स्वच्छ झालं, नांगरट झाली, कांद्याचं भलं झालं, मी काय वैरी आहे? मला झोंबलं ते वेगळंच. मला सांगायचं नव्हतं ना? नको सांगू! मग कुणालाच सांगायचं नाही! भावाभावांतलं गुपित भावाभावांत राहतं. ते स्पेनमध्ये गेलं! तिथून पर्शियात गेलं! आणि फ्रान्सला सगळ्यात शेवटी कळलं!

रान माझं, भाऊ माझा, हराळी माझी... आणि गुपित कुणापाशी? चारुदत्तपाशी!

मग मी मनाशी म्हटलं, भानुदास, असं कसं चालेल? त्या माणसाकडे आहे काय? चार शब्द. 'तुला काय वाटतं रे.' काय अवघड आहे त्यात? मराठीच आहे! मी बाथरूममध्ये आरशासमोर म्हणून बघितलं. विनिता बाहेरून ओरडली, 'कुणावर खेकसताय?' मी म्हटलं, 'प्रेमाने बोलतोय!' ती म्हणाली, 'अहो, त्या रे वर एवढा जोर देऊ नका, गेटपास मागितल्यासारखं वाटतंय.' मग मी जोर काढला. शेवटी मान थोडी तिरकी केली, चारुदत्त करतो तशी. जमलं. इशिताने दारातून बघितलं आणि म्हणाली, 'बाबा, आर यू ओके?'

आज सकाळी फोन आला. मी गाडी पेट्रोल पंपावर नेली, बाजूला लावली, इंजिन बंद केलं. चारुदत्तने सवयीने हात पुढे केला, मी म्हटलं, 'राहू दे, हबीबी.' फोन मी स्वतः धरला. तिकडे मोटर चालू होती, पाण्याचा आवाज येत होता. श्रीनाथ म्हणाला, 'दादा, रोप तयार झालंय. कांदा ह्या आठवड्यात लावू का पुढच्या? तू सांग.'

बघा, 'तू सांग' म्हणाला! उत्तर माझ्या जिभेवर होतं. ह्या आठवड्यात! गिळलं मी ते. आयुष्यात पहिल्यांदा गिळलं. मान तिरकी केली. आवाज मऊ केला. आणि म्हटलं, 'तुला काय वाटतं रे, श्रीनाथ?'

तिकडची मोटर बंद झाली, त्याने जाऊन बंद केली असावी. मी म्हटलं, 'हॅलो? श्रीनाथ? बोल ना, मी ऐकतोय.'

मग त्याचा आवाज आला, अगदी बारीक, घाबरलेला. 'दादा... तुझी तब्येत बरी आहे ना?'

'बरी आहे. का?'

'नाही... वहिनी कुठे आहे? डॉक्टरने काही सांगितलंय का? दादा, लपवू नकोस माझ्यापासून.'

'अरे, काही झालेलं नाही मला! मी नुसतं विचारतोय, तुला काय वाटतं!'

'बरं बरं... तू शांत हो. बोलू नकोस जास्त. गाडी बाजूला आहे ना? असं कर दादा... फोन जरा चारूदादाकडे दे.'

मग काय करणार... दिला.